मेपल रसाच्या बाष्पीभवनाची घरगुती लाकूड-भट्टी : रचना, तत्त्व आणि हिशेब

गोषवारा
उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात मेपल वृक्षाचा रस आटवून पाक तयार करण्यात येतो. या कामी अनेक कुटुंबे स्वतःच्या हातांनी लाकडावर चालणारी भट्टी बांधतात. प्रस्तुत लेखात या भट्टीच्या रचनेमागील भौतिक तत्त्वांचे विवेचन केले आहे. भट्टीचे यश आगीच्या तीव्रतेपेक्षा उष्णता योग्य ठिकाणी पोहोचविण्यावर अवलंबून असते, हे साध्या हिशेबाच्या आधारे दाखविले आहे. शेवटी आपल्याकडील गुऱ्हाळाशी तुलना करून अध्यापनाच्या दृष्टीने काही विचार मांडले आहेत.

बीजसंज्ञा : मेपल रस, बाष्पीभवन, सुप्त उष्मा, काहील, औष्णिक कार्यक्षमता, गुऱ्हाळ.

१. प्रस्तावना

पदवी वर्गास उष्मागतिकी शिकविताना आलेला एक अनुभव या लेखनास निमित्त ठरला. तोंडी परीक्षेत एका विद्यार्थ्याने सुप्त उष्म्याची व्याख्या अचूक सांगितली. त्याच्या घरी गुऱ्हाळ असल्याचे ठाऊक होते, म्हणून त्यास सहज विचारले, "काहिलीतला रस उकळत असताना चुलवणात जळण वाढविले, तर रस अधिक तापतो का?" त्याने क्षणाचाही विलंब न लावता "हो सर, जास्त तापतो" असे उत्तर दिले. व्याख्या आणि काहील या दोन गोष्टी त्याच्या मनात कधी एकत्र आल्याच नव्हत्या. दोष विद्यार्थ्याचा नव्हता. काहिलीकडे बोट दाखवून आम्हीच कधी शिकविले नव्हते.

रस आटविण्याच्या क्रियेचा हिशेब जगात जेथे सर्वाधिक काटेकोरपणे करावा लागतो, असे एक क्षेत्र म्हणजे मेपल पाकाचे उत्पादन होय. तेथे रस इतका पातळ असतो की हिशेब चुकल्यास रात्रभर जागरण करूनही हाती फारसे काही लागत नाही. म्हणून त्या भट्टीचा अभ्यास आपणासही उद्बोधक ठरतो.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) मेपल रस आटविण्यासाठी लागणाऱ्या उष्णतेचा हिशेब मांडणे.
(२) त्या हिशेबातून घरगुती भट्टीची रचना कशी ठरते, हे स्पष्ट करणे.
(३) अशा भट्टीतील धोके व मर्यादा निदर्शनास आणणे.
(४) गुऱ्हाळाशी तुलना करून अध्यापनोपयोगी मुद्दे सुचविणे.

२. मेपल रस आणि त्याचा हंगाम

शर्करा-मेपल हा वृक्ष कॅनडाचा आग्नेय भाग आणि अमेरिकेची ईशान्येकडील राज्ये येथे विपुल आढळतो. कॅनडातील क्वेबेक प्रांत हा मेपल पाकाचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक असून अमेरिकेत व्हरमाँट राज्य अग्रेसर आहे. हिवाळा संपताना, साधारणपणे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, रात्री तापमान गोठणबिंदूच्या खाली जाते व दिवसा वर येते. या चढउतारामुळे खोडात दाब निर्माण होऊन छिद्रावाटे रस पाझरतो. एका छिद्रातून संपूर्ण हंगामात ढोबळमानाने ४० लिटर रस मिळतो.

हा रस दिसावयास पाण्यासारखा असतो. त्यातील साखरेचे प्रमाण सुमारे २ टक्के असते. तो दुधाप्रमाणे नाशवंत असून थंडीतही फार काळ टिकत नाही. सूक्ष्मजंतू वाढले की पाक काळपट होतो व चव बिघडते. त्यामुळे जमा झालेला रस एकदोन दिवसांत आटविणे भाग असते.

वृक्षाच्या रसापासून साखर करण्याचे ज्ञान मुळात तेथील आदिवासी समाजांचे आहे. आनिशिनाबे, अबेनाकी, हौदेनोशौनी आदी समाज युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून मेपल रसाचा उपयोग करीत आले आहेत. युरोपीय वसाहतींबरोबर लोखंडी हंडे आले. परंतु गोल हंड्याच्या तळालाच आग लागते आणि दिवसभर त्यात नवा रस ओतत राहिल्याने सकाळचा रस रात्रीपर्यंत शिजतो. एकोणिसाव्या शतकात हंड्याची जागा दगडी भट्टीवरील पसरट पात्राने घेतली. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील मॅन्सफिल्ड येथील डी. एम. कुक यांनी १८५८ मध्ये आडपट्ट्या असलेल्या पसरट पात्राचे एकस्व मिळविले. त्यात रस एका टोकाकडून शिरून नागमोडी वाटेने दुसऱ्या टोकाकडे जाता जाता आटत असे. हे साधन ज्वारीवर्गीय गोड ताटांच्या रसासाठी आणि मेपल रसासाठीही वापरले गेले. आजची घरगुती भट्टी याच परंपरेतील आहे.

३. मूळ हिशेब

मेपल पाकात साखरेचे प्रमाण किमान ६६ अंश ब्रिक्स असावे लागते. त्याहून कमी असल्यास पाक आंबतो आणि फार अधिक असल्यास तळाशी साखरेचे खडे धरतात. किती रसापासून किती पाक होईल, हे सांगणारा एक सुटसुटीत नियम व्हरमाँट विद्यापीठातील रसायनतज्ज्ञ सी. एच. जोन्स यांनी १९४६ मध्ये मांडला. तो '८६ चा नियम' म्हणून ओळखला जातो. ८६ या संख्येस रसातील साखरेच्या टक्केवारीने भागले असता एक लिटर पाकासाठी लागणारे रसाचे लिटर मिळतात. ही संख्या कोठून आली, हे उघड आहे : तेव्हाच्या प्रमाणानुसार एक लिटर पाकात सुमारे ०.८६ किलोग्रॅम साखर असे. आजच्या किंचित घट्ट पाकासाठी ८७ च्या आसपासची संख्या घेतली जाते.

रसात २ टक्के साखर असल्यास ८६ भागिले २, म्हणजे ४३ लिटर रसापासून १ लिटर पाक होतो. अर्थात सुमारे ४२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने घालवावे लागते.

आता उष्णतेचा विचार करू. ४३ किलोग्रॅम रस ५ अंश सेल्सिअसपासून १०० अंशापर्यंत तापविण्यास सुमारे १७ मेगाज्यूल उष्णता लागते. पाण्याचा बाष्पीभवनाचा सुप्त उष्मा दर किलोग्रॅमला सुमारे २.२६ मेगाज्यूल असल्याने ४२ किलोग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे ९५ मेगाज्यूल लागतात. एकूण सुमारे ११२ मेगाज्यूल. यापैकी पाच-षष्ठांश उष्णता तापमान एका अंशानेही न वाढविता केवळ अवस्थांतरात खर्ची पडते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्याजोगी आहे.

हवेत वाळलेल्या एक किलोग्रॅम लाकडापासून सुमारे १५ मेगाज्यूल उष्णता मिळते असे धरू. सर्व उष्णता रसास मिळाली असती, तर एक लिटर पाकास साडेसात किलोग्रॅम लाकूड पुरले असते. प्रत्यक्षात तसे कधीच घडत नाही. भट्टीची कार्यक्षमता ४० टक्के असल्यास सुमारे १९ किलोग्रॅम, २५ टक्के असल्यास ३० किलोग्रॅम आणि १० टक्के असल्यास ७५ किलोग्रॅम लाकूड लागेल. तीन दगडांच्या चुलीवर ठेवलेले पातेले आणि विचारपूर्वक बांधलेली भट्टी यांतील अंतर हे असे आहे. घरगुती भट्टीच्या रचनेतील प्रत्येक निर्णय हे अंतर कमी करण्यासाठी घ्यावयाचा असतो.

४. भट्टीची बांधणी

मेपल उत्पादकांच्या बोलीत भट्टीच्या सांगाड्यास 'आर्च' म्हणतात. घरगुती आर्च बहुधा जुन्या वस्तूंतून घडते. कोणी सिमेंटचे पोकळ ठोकळे रचतो, कोणी तेलाचे रिकामे पिंप आडवे करून त्याचा वरचा भाग कापतो, तर कोणी कार्यालयातील कागदपत्रांचे लोखंडी कपाट उताणे करून त्याची भट्टी बनवितो. साहित्य कोणतेही असो, भट्टीचे तीन भाग नीट जमले पाहिजेत.

(अ) जळणकक्ष : हा पुढील भागात असतो. लाकूड जमिनीवर न ठेवता लोखंडी जाळीवर ठेवावे. जाळीखाली राखेसाठी कप्पा व हवेसाठी झरोका असावा. खालून येणारी हवा निखाऱ्यांतून वर चढते आणि ज्वलन पूर्णत्वास जाते. काही जण लहान पंख्याने हा झोत वाढवितात. दार घट्ट बसणारे हवे, कारण दारातून शिरणारी थंड हवा आगीवरून सरळ धुराड्याकडे निघून जाते व वाटेत पात्र थंड करते.

(आ) ज्योतीचा मार्ग : नवशिके बांधकाम करणारे येथेच सर्वाधिक चुकतात. भट्टी पुढून मागपर्यंत सारख्याच खोलीची ठेवली, तर तप्त वायू पात्राला न चाटता पोकळीतून निसटतात. म्हणून जाळीच्या मागे वाळू, माती किंवा विटांचा चढ करून भट्टीचा तळ वर उचलतात. मागील भागात पात्र आणि तळ यांच्यामध्ये काही सेंटिमीटरचीच फट राहते. ज्योतीला पात्राच्या बुडाशी लगटून जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. भिंतींना आतून अग्निरोधक विटा किंवा सिरॅमिक लोकरीचे अस्तर दिल्यास भिंतींतून होणारा उष्णतेचा ऱ्हास कमी होतो आणि आतील तापमान वाढून धूरही कमी होतो.

(इ) धुराडे : मागील टोकास उभारलेले धुराडे हवेचा ओढा निर्माण करते. ते फार आखूड असल्यास आग कोंडते. याउलट धुराड्याच्या तोंडातून ज्योत दिसू लागल्यास आग उत्तम पेटली असे समजणे चुकीचे आहे. ती ज्योत पात्राखाली असावयास हवी होती. आपण लाकूड फोडून आकाश तापवीत आहोत, एवढाच तिचा अर्थ.

पात्र आणि भट्टीची कड यांत फटी राहिल्यास त्यातून धूर रसात शिरतो. त्यामुळे कडेवर सिरॅमिक लोकरीची पट्टी अंथरून त्यावर पात्र बसवितात.

५. पात्र : पृष्ठभाग, खोली आणि प्रवाह

रस एकदा उकळू लागला की बाष्पीभवनाचा वेग पात्राच्या बुडातून किती उष्णता आत येते, यावर ठरतो. म्हणून ज्योतीस भिडणारा पृष्ठभाग महत्त्वाचा. सपाट बुडाच्या चांगल्या पात्रातून दर चौरस फुटास तासाला सुमारे एक अमेरिकन गॅलन पाणी जाते, असा ठोकताळा आहे. मेट्रिक मापात हे दर चौरस मीटरला तासाला सुमारे ४० लिटर होते. ६० सेंमी रुंद व ९० सेंमी लांब पात्राचे क्षेत्रफळ ०.५४ चौरस मीटर असल्याने तासाला फार तर २० ते २२ लिटर पाणी उडेल. मध्यम प्रतीच्या भट्टीत याच्या निम्म्यावर समाधान मानावे लागते. २०० लिटर रस जमला असेल, तर उत्तम भट्टीसही सुमारे दहा तास लागतील आणि पाक साडेचार लिटरहून थोडा अधिक मिळेल. पात्राचे माप ठरविण्यापूर्वी आपण किती झाडांना छिद्रे पाडणार आणि किती तास भट्टीजवळ बसू शकणार, हे दोन प्रश्न स्वतःस विचारावेत.

व्यावसायिक भट्टीत मागील पात्राच्या बुडास खोल घड्या असतात. ज्योत या घड्यांमधून वाहते व तेवढ्याच जागेत पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. घरी असे पात्र घडविणे अवघड असते. त्यामुळे अनेक जण उपाहारगृहांत वापरली जाणारी खोल स्टेनलेस पात्रे एका ओळीत आर्चमध्ये अर्धवट बुडवून बसवितात. त्यायोगे बुडाबरोबर बाजूंनाही आच मिळते.

रसाची खोली ४ ते ५ सेंमी ठेवण्याची प्रथा आहे. खोली कमी केल्याने वाफ अधिक होते असे नाही. ती केवळ आत येणाऱ्या उष्णतेवर अवलंबून असते. लाभ निराळाच आहे. खोली कमी असल्यास पात्रात रसाचा साठा कमी राहतो, प्रत्येक थेंब आगीवर कमी वेळ थांबतो आणि पाक फिकट व सौम्य चवीचा होतो. आडपट्ट्यांचाही हाच हेतू असतो. नवा पातळ रस आणि आटत आलेला रस एकमेकांत मिसळू न देता पुढे सरकविणे, हे त्यांचे कार्य होय.

थंड रस एकदम ओतल्यास उकळी बसते. म्हणून पात्राच्या वरच्या बाजूस तोटीचे एक लहान भांडे ठेवून त्यात रस कोमट करतात व बारीक धारेने सोडतात.

६. आग राखणे आणि पाक उतरविणे

लाकूड वर्षभर वाळलेले व मनगटाएवढे फोडलेले असावे. ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे लाकूड जाळणारा माणूस पात्रातील पाण्याबरोबर लाकडातील पाणीही उकळवीत असतो. दर सातआठ मिनिटांनी थोडे थोडे जळण आडवे-उभे रचून घालावे आणि दार लगेच बंद करावे. एकदम भट्टी भरल्यास उकळी आधी मंदावते व नंतर अनावर होते. फेस वर चढू लागल्यास लोण्याचा एक लहानसा कण टाकतात. तेवढ्याने तो बसतो.

आटविण्याच्या क्रियेतील एक बाब नवख्यास चकविते. ४३ लिटर रस निम्मा, म्हणजे साडेएकवीस लिटर झाला, तरी त्यातील साखर २ टक्क्यांवरून केवळ ४ टक्क्यांवर जाते. तासन्‌तास काही घडतच नाही असे वाटते. परंतु शेवटी दोन लिटरचा एक लिटर व्हावयास काही मिनिटेच लागतात. वर उल्लेखिलेल्या ०.५४ चौरस मीटरच्या पात्रात एक लिटर पाक पसरला, तर त्याची खोली दोन मिलिमीटरहूनही कमी भरेल. खाली लाकडाची आग क्षणात विझविता येत नाही. दिवसभराचे कष्ट या टप्प्यावर डोळ्यांदेखत करपतात. म्हणून लहान प्रमाणावर काम करणाऱ्याने रस पुरता आटण्याआधीच तो मोठ्या पात्रातून काढून लहान भांड्यात घ्यावा व शेवटचा भाग गॅसच्या नियंत्रित आचेवर पूर्ण करावा.

पाक झाला, हे तापमानावरून कळते. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ४ अंश सेल्सिअस अधिक तापमानास पाक तयार होतो. पाण्याचा उत्कलनबिंदू हवेच्या दाबानुसार बदलतो, म्हणून त्या दिवशी त्याच ठिकाणी पाणी उकळून तो मोजून घेणे इष्ट. जुने जाणते लोक पळी तिरकी धरून पाक कडेवरून पडद्यासारखा सुटतो का, ते पाहतात. आपल्याकडे एकतारी-दोनतारी पाक ओळखणाऱ्या गृहिणीस ही परीक्षा परकी वाटणार नाही. गरम असतानाच पाक जाड लोकरीच्या कापडातून गाळतात. रस आटताना त्यातील कॅल्शियम मॅलेट हे लवण वाळूसारखे वेगळे होते व ते गाळून काढावे लागते. हेच लवण पात्राच्या बुडास चिकटून करपण्यास कारण ठरते.

७. धोके

या भट्टीतील सर्वांत गंभीर धोका आगीचा नसून शिशाचा आहे. जुन्या पात्रांचे सांधे शिसेयुक्त झाळाने जोडलेले असत. १९९० च्या दशकात उत्पादकांनी शिसेविरहित साहित्य स्वीकारले. तथापि जुनी पात्रे घरोघरी शिल्लक आहेत आणि स्वस्तात हाताशी येतात. येथेही आपला मूळ हिशेब स्मरावा. ४३ लिटरचा १ लिटर होताना पाणी उडून जाते, शिसे उडत नाही. रसात आलेला अत्यल्प अंशही पाकात अनेक पटींनी वाढू शकतो, आणि त्याचे सर्वाधिक दुष्परिणाम लहान मुलांवर होतात. यास्तव पात्र अन्नास योग्य अशा ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचे व झाळ न लावता वितळजोड केलेले असावे.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आगीत वापरल्यास विषारी धूर निघतो, तो टाळावा. तेलाचे पिंप वापरण्यापूर्वी त्यात काय होते हे जाणून घ्यावे व आतील अवशेष आणि बाहेरील रंग यांचा बंदोबस्त करावा. सिमेंटचे ठोकळे थेट ज्योतीने तडकतात, म्हणून त्यांना आतून अग्निरोधक विटा लावाव्यात. हे काम स्वयंपाकघरात करू नये. चाळीस लिटर पाण्याची वाफ भिंतींवर व छतावर बसते. बाहेर मोकळ्यावर किंवा छपराला वाफ जाण्यास वाट ठेवलेल्या झोपडीत भट्टी बांधणे योग्य.

८. गुऱ्हाळाशी तुलना

कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळ आणि मेपलची भट्टी यांत तत्त्वतः भेद नाही. चुलवण, त्यावरील काहील, वर येणारी मळी काढणे, शेवटच्या क्षणी अनुभवी डोळ्यांनी घेतलेला निर्णय हे सर्व दोन्हीकडे आहे. गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी पाहतो, तेथे पळीवरचा पडदा पाहतात.

भेद आहे तो प्रमाणाचा. उसाच्या रसात सुमारे २० टक्के विद्राव्य घन पदार्थ धरल्यास एक किलोग्रॅम घन पदार्थामागे ४ किलोग्रॅम पाणी घालवावे लागते. मेपल रसात तेच ४९ किलोग्रॅम होते, म्हणजे बारा पट. शिवाय ऊस आपले जळण स्वतःबरोबर आणतो. रस काढल्यावर उरलेली चिपाडे वाळवून चुलवणात घालता येतात. मेपल वृक्षाकडून केवळ रस मिळतो. जळण स्वतंत्रपणे तोडावे, फोडावे व वाळवावे लागते. जळण सहज मिळाले की हिशेबाची निकड भासत नाही, आणि ते कष्टाने मिळवावे लागले की प्रत्येक फट दिसू लागते. मेपल भट्टीत इतका विचार साठला, त्याचे एक कारण येथे असावे. मोठे उत्पादक आता व्यस्त परासरणाने रस २ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर नेतात आणि तीन-चतुर्थांश पाणी आग न पेटविताच वेगळे करतात. तोही याच विचाराचा पुढील टप्पा होय.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, घरगुती भट्टीचे यश ज्योतीस भिडणाऱ्या पृष्ठभागावर, ज्योतीच्या मार्गावर आणि रसाच्या पुढे सरकण्यावर अवलंबून असते. दोन, शेवटची अवस्था निराळ्या भांड्यात व निराळ्या आचेवर पार पाडणे अपरिहार्य आहे. तीन, जे आटते ते पाणीच असल्याने पात्राच्या शुद्धतेबाबत तडजोड करता येत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. गुऱ्हाळघरांच्या परिसरातील महाविद्यालयांना तापमापी, वजनकाटा आणि ब्रिक्समापी एवढ्या साधनांवर एका काहिलीची कार्यक्षमता विद्यार्थ्यांकडून मोजून घेता येईल. रसाचे आरंभीचे वजन, तयार गुळाचे वजन आणि जाळलेल्या चिपाडांचे वजन या तीन नोंदी हिशेबास पुरेशा आहेत.

आरंभी उल्लेखिलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. रस उकळत असताना जळण वाढविल्यास रस अधिक तापत नाही, वाफ अधिक वेगाने निघते. तापमान वाढते ते पाणी जाऊन रस घट्ट होईल तसे. त्या विद्यार्थ्यास हे फळ्यावर सांगण्यापेक्षा त्याच्याच घरच्या काहिलीत तापमापी धरून दाखविले असते, तर ते आयुष्यभर लक्षात राहिले असते. तसे करावयाचे राहून गेले. पुढील तुकडीबाबत ते राहू नये, यासाठी हा लेखनप्रपंच.